वैराचे थकीत खाते

‘ग्रज मॅच’ (२०१३) हा विनोदी इंग्रजी चित्रपट पिट्सबर्ग या पोलादनगरीतील दोन वृद्ध मुष्टियोद्ध्यांचा आहे. प्रत्येकाने दुसऱ्यास एकदा हरविलेले. निर्णायक तिसरी लढत मात्र तीस वर्षे राहून गेलेली. ६७ वर्षांचे सिल्व्हेस्टर स्टॅलोन आणि ७० वर्षांचे रॉबर्ट डी नीरो पुन्हा रिंगणात उतरतात. काही विनोद सवंग आहेत. आशय मात्र मोलाचा. थकीत कर्जाचे व्याज जसे मुद्दलाहून मोठे होते, तसेच वैराचे. अखेरच्या लढतीत पाडणाराच पडलेल्यास हात देऊन उठवितो, तेव्हा ते खाते मिटते. पुनावळ्यात नव्याने स्थिरावलेल्या कुटुंबांसोबतही जुन्या बाजारपेठेतील एखादा अबोला आलेला असतो. चित्रपट पाहावा आणि तीस वर्षे होण्यापूर्वीच त्या घरी दूरध्वनी करावा.