तट्ट्यांच्या घरातलं कॉन्व्हेंट

म्हैसूरला सहलीला गेलेलं मराठी कुटुंब राजवाडा, वृंदावन, चामुंडी टेकडी उरकून सेंट फिलोमिना चर्चपाशी येतं. १७५ फुटी दोन मनोरे मान मागे टाकून पाहायचे, एक फोटो काढायचा आणि म्हैसूरपाक घ्यायला बाजार गाठायचा. १९३३ साली या चर्चची कोनशिला बसवली ती खुद्द महाराजा कृष्णराज वाडियार यांनी. राजाश्रय असला की दगडाला काय तोटा!

याच संत फिलोमिनाच्या नावाचं दुसरं एक चर्च केरळात, कूनम्माव या गावी आहे. पनवेलहून निघालेला आपला मुंबई-गोवा महामार्ग कन्याकुमारीपर्यंत जातो. एर्नाकुलमच्या थोडं अलीकडे तो या गावातून पुढे सरकतो. म्हैसूरच्या मनोऱ्यांसाठी माणसं वाट वाकडी करतात, इथे मात्र फारसं कुणी थांबत नाही. पण याच चर्चच्या सावलीत १८६६ साली तीन बायकांनी एक कॉन्व्हेंट मांडलं. त्याच्या भिंती दगडाच्या नव्हत्या, विटांच्याही नव्हत्या. बांबूच्या विणलेल्या तट्ट्या उभ्या करून ते घर केलं होतं.

त्या तिघी एका घरच्याच म्हणायच्या. आई, मुलगी आणि मावशी.

आईचं नाव एलिस्वा. १८३१ साली वायपीन बेटावरच्या ओच्चनतुरुत्त गावात एका सुखवस्तू ख्रिस्ती कुटुंबात तिचा जन्म झाला. आठ भावंडांत ती थोरली. १८४७ साली लग्न होऊन ती कूनम्मावच्या वाकयिल घराण्यात सून म्हणून आली. १८५० साली मुलगी झाली, तिचं नाव अन्ना. पुढच्याच वर्षी नवरा वारला. एलिस्वाचं वय तेव्हा विशीच्या आसपास.

विधवेच्या दुःखाची आपल्याकडची गोष्ट इथे उलटी होते. त्या काळात महाराष्ट्रातल्या उच्चवर्णीय घरांत विधवेला दुसरं लग्न करू देत नव्हते. ख्रिस्ती समाजात धर्माची तशी आडकाठी नव्हती. नातेवाईक दुसऱ्या लग्नाचा आग्रह धरत होते. नको होतं ते एलिस्वाला! तिने घरातच प्रार्थनेसाठी वेगळी जागा शोधली, चर्चमध्ये तासन्‌तास बसू लागली. धाकटी बहीण त्रेसिया तिच्या वाटेने आली, आणि वाढत्या वयाची अन्नाही.

पण व्रतस्थ व्हायचं म्हटलं तरी जायचं कुठे? जुन्या गोव्यात सांता मोनिका कॉन्व्हेंट १६०६ पासून होतं, पण ते पोर्तुगीज सत्तेच्या राजधानीतलं. मल्याळम बोलणाऱ्या खेड्यातल्या बाईसाठी केरळात असं घर नव्हतं. १८६२ साली एलिस्वाने आपली इच्छा फादर लिओपोल्ड बेक्कारो या इटालियन कार्मेलाइट धर्मगुरूंना सांगितली. कूनम्मावला पुरुषांचा मठ होता. १८६४ पासून फादर चावरा कुरियाकोस तिथे राहत होते. प्रत्येक चर्चशेजारी शाळा हवी, असा आग्रह धरणारे हेच ते चावरा. त्यांनी बांधकामात लक्ष घातलं आणि १३ फेब्रुवारी १८६६ रोजी तट्ट्यांचं ते घर उभं राहिलं.

मग गावातल्या आणि आसपासच्या मुली येऊ लागल्या. प्रार्थना, लिहिणं-वाचणं, शिवणकाम, जपमाळा ओवणं असा दिवस जाई. वर्ष-दीड वर्षात पक्की इमारत झाली आणि १८६८ साली मुलींची शाळा सुरू झाली. पुण्यात फुले दांपत्याने मुलींची शाळा काढली त्याला तेव्हा २० वर्षं झाली होती. पुण्याच्या आणि कूनम्मावच्या शाळांचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. पण मुलीच्या हाती पुस्तक देणं दोन्हीकडे नवलाचंच होतं. चावरा १८७१ च्या जानेवारीत कूनम्मावलाच वारले. या सिस्टरांना त्यांनी लिहिलेली पत्रं आजही जपून ठेवली आहेत.

इथवर सगळं सुरळीत. पेच निघाला तो वेगळ्याच ठिकाणी.

केरळचे कॅथलिक एकाच पोपला मानतात, पण त्यांची उपासना एका रीतीची नाही. काहींची रीत लॅटिन, तर संत थॉमसपासून आपली परंपरा सांगणाऱ्यांची सिरियन. कूनम्मावच्या कॉन्व्हेंटात दोन्हीकडच्या मुली एका पंगतीला बसत. १८८७ साली पोप लिओ तेरावे यांनी सिरियन ख्रिस्ती समाजाचा कारभार वेगळा केला. वरून निघालेला हुकूम खाली कुणाच्या चुलीपर्यंत पोचेल, याचा नेम नसतो. सप्टेंबर १८९० मध्ये कॉन्व्हेंटाची रीतीप्रमाणे वाटणी झाली. घर सिरियन सिस्टरांकडे गेलं. एलिस्वा, अन्ना आणि त्रेसिया लॅटिन रीतीच्या. त्यांना निघावं लागलं.

जिने हे घर मांडलं ती २४ वर्षांनी, साठीला टेकलेली असताना, त्याच घरातून बाहेर पडली. १० नोव्हेंबर १८९० रोजी त्या तिघी जवळच्या वरापुळा गावी पोचल्या आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. १८ जुलै १९१३ रोजी मदर एलिस्वा तिथेच गेल्या.

या वाटणीतून दोन मोठ्या संस्था वाढल्या. सिरियन शाखा सीएमसी म्हणून ओळखली जाते, लॅटिन शाखा सीटीसी. कूनम्मावच्या बोर्डिंगमध्ये लहानपणी आलेली एव्हुप्रासिया पुढे सिरियन शाखेची सिस्टर झाली. २३ नोव्हेंबर २०१४ रोजी चावरांबरोबरच तिला संतपद मिळालं. एलिस्वाचं नाव मात्र केरळबाहेर फारसं कुणी घेत नव्हतं. संस्थापक कोण, या प्रश्नाला सिरियन शाखा चावरा आणि बेक्कारो यांची नावं सांगते. लॅटिन शाखा एलिस्वाला संस्थापिका मानते. दोघा धर्मगुरूंचा आधार नसता तर घर उभं राहिलं नसतं हे खरंच, पण त्या घरात राहायला जायची तयारी आधी एका विधवेने केली होती, हे विसरून कसं चालेल?

८ नोव्हेंबर २०२५ रोजी कोचीजवळच्या वल्लारपाडमला मदर एलिस्वांना ‘धन्य’ घोषित करण्यात आलं. संतपदाच्या अलीकडची ही पायरी. घर वाटलं गेलं, नावं वेगळी झाली. स्थापनेची तारीख मात्र दोन्ही शाखा आजही एकच सांगतात: १३ फेब्रुवारी १८६६.