वाकता न येणाऱ्यांचा नेलकटर

पूर्वी गावचा न्हावी धोकटीतून नराणी काढायचा आणि दाढी आटोपली की म्हाताऱ्यांच्या पायाची नखंही काढून द्यायचा. बलुतेदारी मोडली, सलून आली, दाढी-कटिंगचे दर पाटीवर लागले. पायाची नखं मात्र ज्याची त्याच्याकडे राहिली.

ही नखं महिन्याला जेमतेम दीड मिलिमीटर वाढतात, हाताच्या नखांच्या निम्म्यानेच. पण वय वाढतं तशी ती जाड आणि टणक होतात, आणि नेमके त्याच वयात गुडघे धरतात, कंबर वाकत नाही. घरच्यांना सांगायला संकोच वाटतो. मग सांगली जिल्ह्यातल्या पलूसच्या द्राक्षपट्ट्यात एखादे आजोबा छाटणीचा सिकेटर उचलतात! तेवढं मात्र करू नये.

अशा अडचणींवर अवजार शोधणं हे व्यवसायोपचाराचं, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीचं, रोजचं काम. भारतात या विद्येचा पाया अमेरिकेत जन्मलेल्या कमलाबाई निंबकरांनी घातला. १९५० साली त्यांनी मुंबईच्या केईएम रुग्णालयात तिची शाळा सुरू केली. फलटणची कमला निंबकर बालभवन ही शाळा त्यांच्याच नावाची.

या उपचारात रुळलेली एक साधी वस्तू म्हणजे फळीवर पक्का बसवलेला नेलकटर. अर्धांगवायू झालेल्या माणसाला चांगल्या हाताची नखं कापायची असतील, तर लुळ्या हाताचा किंवा कोपराचा भार त्याच्या वरच्या दांडीवर, म्हणजे दट्ट्यावर, टाकला तरी पुरतो. पायासाठी हीच फळी जमिनीवर ठेवली की दट्टा दाबायला पुन्हा वाकणं आलंच. इथे सायकलची ब्रेक केबल कामाला येते.

मोठा, सरळ पात्याचा नेलकटर घ्यायचा. त्याच्या खालच्या पट्टीला शेपटाकडे बहुधा साखळीसाठी भोक असतं. त्यातून स्क्रू घालून तो फळीवर बसवलेल्या लाकडी ठोकळ्यावर आवळायचा आणि वरून पत्र्याची पट्टी मारायची. ठोकळ्याची उंची अशी हवी, की टाच जमिनीवर टेकलेली असताना अंगठ्याचं नख पात्यांच्या तोंडाशी यावं. फळीखाली जुन्या ट्यूबचं रबर चिकटवलं की ती सरकत नाही. फळीला, खुर्चीवर बसून हाताशी येईल एवढी, काठी उभी करायची, तिच्या माथ्यावर ब्रेकची मूठ बसवायची. केबलचं आवरण फळीतच अडवायचं आणि आतली तार दट्ट्याला खालून बांधायची, म्हणजे मूठ आवळताच दट्टा खाली येतो.

खरी मेख तार बांधण्याच्या जागेत आहे. दट्ट्याच्या टोकाला बांधली तर जोर कमी लागतो, पण मुठीची खेच अपुरी पडते. आत बांधली तर खेच पुरते, पण मूठ जड होते. दोन-तीन भोकं पाडून ठेवावीत आणि जुन्या पोस्टकार्डावर चालवून बघावं.

वरून बघताना पातं नीट दिसत नाही, म्हणून त्याच्या कडेला पांढरा रंग द्यावा. ज्याला हेही जमत नाही त्याने फळीवर सँडपेपर चिकटवून त्यावर नख घासावं. मंद काम आहे, पण सगळ्यांत निर्धोक.

नखं आंघोळीनंतर, मऊ असताना, सरळ कापावीत; कोपरे खोल कोरले तर नख मांसात रुततं. मधुमेहाने पाय बधिर झालेल्यांनी हे यंत्र वापरू नये. जखम झालेली कळतच नाही, म्हणून त्यांची नखं डॉक्टरांच्या सल्ल्यानेच कापावीत.

पलूस तालुक्यात अशा जोडकामाला परंपरा आहे. बेळगावात सायकलींच्या दुकानापासून सुरुवात करणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली इथल्याच माळावर किर्लोस्करवाडी वसवली आणि लोखंडी नांगर घडवले. सरकारी मदत आहे, पण ती इथवर पोचत नाही: राज्य सरकारच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत पासष्टीपुढच्या पात्र ज्येष्ठांना साधनांसाठी ३,००० रुपये मिळतात. त्या यादीत चष्मा, श्रवणयंत्र, कमोड खुर्ची आहे, असला नेलकटर नाही. तेव्हा ज्यांच्याकडे ड्रिल आणि वेल्डिंग आहे, त्यांनी एका सुटीत हे करून बघावं. माप मात्र ज्याची नखं कापायची, त्याला त्याच्याच खुर्चीवर बसवून घ्यावं.