शनिवारचा पाराशा, रविवारचा अध्याय

कापसाच्या काट्यावर हयात गेलेल्या माणसाला धर्मग्रंथातलं काय चटकन पटेल, तर माप. धरणगावकडच्या एका जिनिंगमध्ये मी वर्षानुवर्षं काट्यावर बसलो. वजन करायचं, ओल किती ते कापसात हात घालून सांगायचं, पावती फाडायची. उन्हाळ्यात ठाण्याला मुलाकडे गेलो, तेव्हा शेजारचे बेने इस्रायली काका म्हणाले, “भाऊ, या शनिवारच्या पाराशात तागडी आणि वजनं आहेत. तुमच्या कामाचं आहे.” मी खुर्ची ओढून बसलोच.

काका ज्यू, पण घरची भाषा मराठी. त्यांचे पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गाव त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणे. मुंबईतलं त्यांचं पहिलं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनाघर, सॅम्युएल इझिकेल दिवेकरांनी 1796 साली बांधलं. ठाण्याचं 1879 सालचं आहे.

तोरा हा ज्यूंचा धर्मग्रंथ, म्हणजे मोशेचे पाच ग्रंथ. त्यांचे 54 भाग पाडलेत, एकेका भागाला पाराशा म्हणतात. दर शनिवारी सकाळी सिनेगॉगमध्ये चामड्यावर हातानं लिहिलेली गुंडाळी उघडून त्या आठवड्याचा पाराशा मोठ्यानं वाचतात. गुंडाळीत स्वरांच्या खुणा नसतात. उच्चार आणि चाल वाचणाऱ्यानं आधी घोकून ठेवायची. ज्या वर्षी शनिवार कमी पडतात, त्या वर्षी काही भाग जोडीनं वाचून होतात. पावसाळा सरताना सिमहात तोराचा सण येतो. त्या दिवशी शेवटचा भाग संपवतात आणि तिथेच पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. सोमवारी आणि गुरुवारीही थोडं वाचन असतं. त्याचं जुनं कारण मला फार आवडलं: ते बाजाराचे दिवस, खेड्यातली माणसं गावात आलेली असायची. आठवडे बाजाराला आलेल्या माणसाच्या कानावर चार शब्द घालायचे, ही युक्ती काढणारा नक्कीच खेड्यापाड्यांत फिरलेला असणार.

त्या शनिवारच्या पाराशाचं नाव ‘केदोशिम’, म्हणजे पवित्र लोक. मला वाटलं, आता उपासतापास येतील. त्याऐवजी आलं शेत. शेताचे कोपरे कापू नका, गळालेलं वेचू नका, ते गरिबासाठी आणि परक्यासाठी सोडा. आपल्याकडे भुईमूग उपटल्यावर बायापोरं सरवा वेचायला येतात. काही मालक त्यांना हाकलतात, काही मुद्दाम तिकडे बघत नाहीत. तोरेत तो सरवा मालकाच्या दयेवर सोडलेला नाही, तो गरिबाचा हक्कच आहे. पुढे मजुराची मजुरी रात्रभर आपल्याकडे ठेवू नका, आणि तागडी खरी ठेवा. आंधळ्याच्या वाटेत अडथळा टाकू नका, असंही तिथे आहे.

आंधळ्याला कोण कशाला पाडेल, असं मी काकांना विचारलं. ते हसले. जुन्या भाष्यकारांनी यातला आंधळा म्हणजे व्यवहारात अडाणी माणूस असा अर्थ लावलाय, आणि त्यांचं उदाहरण असं: एकाला सांगायचं, शेत विकून टाक, गाढव घे, आणि ते शेत आपणच गिळायचं. अकराव्या शतकात फ्रान्समध्ये राशी नावाच्या भाष्यकारानं ही गोष्ट आपल्या टीकेत घेतली. जळगाव-धुळ्याच्या हायवेलगतचे भाव चढल्यापासून असे सल्लागार आमच्याकडे गल्लोगल्ली आहेत. फरक एवढाच, गाढवाच्या जागी बुलेट आली.

‘की तेत्से’ हा पाराशा पोळ्याच्या आगेमागे येतो. त्यात मळणी करणाऱ्या बैलाला मुसकं बांधू नका, असा हुकूम आहे. गहाण वस्तू घ्यायला कर्जदाराच्या घरात घुसू नका, बाहेर उभं राहा; त्याचं जातं तारण घेऊ नका, त्यावर त्याचं पोट आहे. गरिबाचं पांघरूण गहाण असेल तर दिवस मावळायच्या आत परत करा. पोळ्याच्या दिवशी बैलाला पुरणपोळी आणि दुसऱ्या दिवसापासून पराणी, असा आमचा हिशेब. वर्षभराच्या मळणीबद्दल बोलणारा हा हुकूम मला जास्त शहाणा वाटतो.

सगळंच असं गोड नाही. याच पाराशात आईबापांचं न ऐकणाऱ्या उडाणटप्पू पोराला दगडांनी मारण्याची शिक्षा आहे. तालमूद या ज्यूंच्या जुन्या चर्चाग्रंथातल्या एका मतानं सरळ सांगून टाकलं की असा पोरगा कधी झाला नाही आणि होणारही नाही. हे फक्त अभ्यासासाठी लिहिलंय. बाकी आठवडेच्या आठवडे उपासनेच्या तंबूच्या खांबांची मापं, कातडीचे रोग, शिरगणतीचे आकडे. तेही वाचायचेच. अशा प्रत्येक खांबातून कुणी सुविचार पिळून काढू लागलं की मला कंटाळा येतो. पण पान गाळायचं नाही, हा नियम मात्र मला पटला. आवडीचं पान निवडलं की माणूस स्वतःला सोयीचंच निवडतो. काट्यावरच्या माणसानं दानाचं पान काढलं असतं, मापाचं नाही.

खानदेशाला हे नवं नाही. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेचा एकेक अध्याय सांगितला. 21 फेब्रुवारीला सुरुवात, 19 जूनला शेवट. 18 रविवार, 18 अध्याय. समोर राजबंदी बसलेले, आणि अमळनेरच्या शाळेतली मास्तरकी सोडून लढ्यात उतरलेले साने गुरुजी भराभर लिहून घेत होते. त्यांच्या हातामुळेच ‘गीता प्रवचने’ आज आपल्या हाती आहे. तिथेही आवडीचा अध्याय आधी, अवघड नंतर, असं झालं नाही.

गावोगावच्या वाचनालयांना माझं एक सांगणं आहे. गीता घ्या, ज्ञानेश्वरी घ्या, संविधान घ्या. पुस्तक कुठलंही चालेल. त्याचे आठवड्यागणिक भाग पाडून तक्ता दारावर लावा, बाजाराच्या दिवशी अर्धा तास मोठ्यानं वाचा, आणि मजुरीचं पान आलं की मालकांनाही बोलवा.