परदेशातला रविवार आणि दोन चाकं

आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणी भागात आता कुठल्याही गल्लीत चौकशी करा, दोन-चार घरं सोडून एखादा मुलगा किंवा मुलगी परदेशी असतेच. सुट्टीच्या दिवशी दुपारी व्हिडिओ कॉल लागतो. सगळं घर त्या छोट्या पडद्याभोवती गोळा होतं आणि ठरलेले प्रश्न सुरू होतात. जेवलास का? थंडी किती आहे? रजा कधी मिळणार? मुलगा तिशीकडे झुकला असेल तर लग्नाचा विषय निघतो. शेजारच्या अक्का डोकावल्या की बोलणं मराठीतून अलगद कन्नडमध्ये शिरतं, “ऊट आय्तेनप्पा?” म्हणून पुन्हा जेवणाचीच चौकशी होते. पगार, प्रकृती, लग्न सगळं विचारून होतं. एक प्रश्न मात्र बहुतेक घरांत राहून जातो : “बाळा, सुट्टीच्या दिवशी तू करतोस तरी काय?”

वाचकहो, हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. आठवड्याचे पाच दिवस मुलांना त्यांची कंपनी सांभाळते. उरलेले दोन दिवस त्यांचे त्यांना सांभाळावे लागतात. परदेशी गेलेलं पोर तिथं रमणार की आतल्या आत कोमेजणार, हे पुष्कळदा या दोन दिवसांवर ठरतं.

आमच्या कॉलेजचा एक जुना विद्यार्थी सध्या नेदरलँड्समधल्या आइंडहोवन शहरात इंजिनिअर आहे. फिलिप्स कंपनीचा जन्म १८९१ साली याच गावात झाला. शेजारच्या वेल्डहोवनमध्ये चिप बनवणारी यंत्रं तयार करणारी एएसएमएल ही मोठी कंपनी आहे. त्यामुळे या परिसरात भारतीय इंजिनिअर भरपूर. तरीही त्याचा पहिला हिवाळा कठीण गेला. डिसेंबरात तिथं संध्याकाळी साडेचारलाच सूर्य मावळतो. ऑफिसातले डच सहकारी वागायला चांगले, पण शुक्रवारी संध्याकाळी एकदा “सोमवारी भेटू” म्हणाले की सोमवारीच भेटणार. आपल्यासारखं न सांगता कुणाच्या घरी जाऊन चहा मागायची तिथं पद्धत नाही. “सर, शनिवारी झोपायचो आणि रविवारी आठवड्याचा आमटी-भात करून ठेवायचो. दोन दिवसांत तोंडातून एक शब्द निघायचा नाही. घरी मात्र सांगायचो, मस्त चाललंय,” तो सांगत होता. घरच्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं.

मार्चमध्ये उजेड वाढला, तशी त्यानं एक जुनी सायकल विकत घेतली आणि तिला दोन कुलुपंही घेतली. दोन कुलुपं कशाला? कारण सायकलींच्या त्या देशात सायकलचोरही तितकेच आहेत.

“एवढं शिकून सायकल?”

ही बातमी शहापुरातल्या घरी पोचली तेव्हा वडिलांचा पहिला उद्गार होता, “अरे, एवढं शिकलास ते सायकल मारायला की काय?” त्यांचंही काही चुकलं नाही. आपल्याकडे सायकल ही परिस्थितीची खूण होती. पेपरवाला, दूधवाला, शाळेचा शिपाई यांचं ते वाहन. घरात पैसा आला की सायकल जाऊन लुना यायची, लुना जाऊन स्कूटर, मग गाडी. सायकलवरून उतरणं म्हणजे आयुष्यात वर चढणं, हे आपल्या पिढीनं डोळ्यांनी पाहिलं आहे. परदेशी गेलेला मुलगा पुन्हा सायकलवर चढला, हे बापाला उलटं चक्र वाटलं तर नवल नाही.

पण त्या देशात सायकलला जातपात नाही. पावणेदोन कोटींच्या वर लोकसंख्या आणि सायकली माणसांहून जास्त! मार्क रुट्टे २०१० ते २०२४ पंतप्रधान होते, तेही कार्यालयात सायकलनं जाण्यासाठी प्रसिद्ध होते. उट्रेख्टच्या रेल्वे स्टेशनखाली सुमारे १२,५०० सायकली ठेवता येतील असा तळ २०१९ साली पूर्ण झाला. आजी बाजार करायला सायकलवर, आई पुढच्या पेटाऱ्यात दोन मुलं बसवून सायकलवर, आणि कोटातला साहेबही सायकलवरच.

हे सारं त्यांच्या रक्तातच आहे, असा आपला समज होतो. तो खरा नाही. १९५० आणि ६० च्या दशकांत तिथंही मोटारी वाढल्या, रस्ते रुंद झाले, सायकली कडेला ढकलल्या गेल्या. १९७१ या एका वर्षात त्या लहानशा देशात रस्ते अपघातांत तीन हजारांवर माणसं गेली. त्यात चारशेहून अधिक मुलं होती. अपघातात स्वतःचं मूल गमावलेल्या एका पत्रकारानं ‘बालहत्या थांबवा’ अशा अर्थाच्या मथळ्याचा लेख लिहिला आणि त्याच नावाची चळवळ उभी राहिली. आयाबाया मुलांना घेऊन रस्त्यावर बसल्या. पाठोपाठ १९७३ चं तेलसंकट आलं. त्या नोव्हेंबरपासून काही रविवार सरकारनं मोटारी बंद ठेवल्या, आणि मोकळ्या रस्त्यावर मुलं खेळताना लोकांनी पाहिली. पुढच्या काळात गावोगाव सायकलींचे स्वतंत्र मार्ग झाले. आज तिथल्या एकूण प्रवासांतले चतुर्थांशाहून जास्त सायकलवर होतात. शाळेतली मुलं अकरा-बारा वर्षांची झाली की वाहतुकीच्या नियमांची परीक्षा देतात. रात्री पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा सक्तीचा. जुलै २०१९ पासून सायकल चालवताना हातात मोबाइल धरला तर दंड होतो.

एवढं सगळं मुलानं समजावल्यावर आईच्या जिवातला धाक थोडा कमी झाला. ती म्हणाली, “मग आमच्या इथल्या मोटारसायकलीपेक्षा बरंच की!”

आकड्यांची वाट

मुलगा सुरुवातीला फक्त ऑफिसला सायकलनं जायचा. मग त्याला आकड्यांच्या वाटांचा शोध लागला. सायकलमार्ग जिथं एकमेकांना मिळतात, तिथं एक फलक आणि त्यावर आकडा असतो. घरून निघताना कागदावर आकडे लिहायचे, उदाहरणार्थ ३४, ७, ५१, ५२, तो कागद हँडलला चिकटवायचा, आणि एका आकड्याकडून दुसऱ्याकडे जात राहायचं. नकाशा नको, कुणाला विचारणं नको. ही पद्धत १९९० च्या दशकात शेजारच्या बेल्जियममधल्या लिम्बर्ग प्रांतात निघाली. तो कोळशाच्या खाणींचा मुलूख. खाणीच्या पोटातल्या बोगद्यांचे फाटे आकड्यांनी ओळखतात, ते पाहून एका खाण-इंजिनिअरला ही कल्पना सुचली. खाणी बंद पडल्या, पण त्यांची ही आठवण जमिनीवर आली आणि आता हजारो लोक तिच्या आधारानं रविवार घालवतात.

असाच एका रविवारी तो पन्नासेक किलोमीटरवरच्या बार्ले गावी पोचला. सीमाभागातल्या माणसाला हे गाव पाहून गंमत वाटल्याशिवाय राहणार नाही. गाव नेदरलँड्समध्ये, पण त्याच्या पोटात बेल्जियमचे बावीस तुकडे, आणि त्यांतल्या काहींच्या पोटात पुन्हा नेदरलँड्सचे तुकडे! फरशीवर पांढऱ्या फुल्या मारून सरहद्द दाखवली आहे. ती हॉटेलांतून, दुकानांतून, घरांच्या मधून जाते. घराच्या नंबराच्या पाटीवरून देश ओळखायचा. भाषा दोन्हीकडे एकच, डच. मुलानं एक पाय या देशात आणि एक पाय त्या देशात ठेवून फोटो पाठवला. वडील निवृत्त कारकून. त्यांनी लगेच विचारलं, “मग घरपट्टी कुठं भरतात?” उत्तर मिळालं : पुढचं दार ज्या देशात उघडतं, त्या देशात. त्या दिवशीचा फोन पाऊण तास चालला. जेवणाचा आणि लग्नाचा विषयच निघाला नाही!

घाट नाही, पण वारा आहे

आपलं बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटरवर. चोर्ला नाहीतर आंबोली घाट डोळ्यांसमोर असलेल्या मुलाला नेदरलँड्स म्हणजे पोळपाट वाटला. तिथली पाव हिस्सा जमीन समुद्राच्या पातळीखाली आहे, आणि युरोपातल्या त्यांच्या भूमीवरचा सर्वांत उंच माथा जेमतेम ३२२ मीटर. अशा सपाट मुलखात शंभर किलोमीटर म्हणजे किरकोळ, असं समजून तो एकदा निघाला आणि साठाव्या किलोमीटरला समोरून वारा सुटला. घाट चढताना निदान माथा दिसतो, पुढं उतार मिळणार ही आशा असते. वाऱ्याला माथा नाही. कन्नडमध्ये सायकल ‘तुळी’तात, म्हणजे पायानं तुडवतात, त्या क्रियापदाचा खरा अर्थ एदुरु गाळीत, समोरच्या वाऱ्यातच कळतो, असं तो म्हणतो. त्या दिवशी तो रेल्वेनं घरी परतला. दुसऱ्या आठवड्यात मात्र वारा बघून निघाला, आधी वाऱ्याला तोंड देत जायचं आणि येताना तो पाठीशी घ्यायचा.

इथून त्याच्या छंदाला ध्येय मिळालं. जगभर एक ‘ब्रेव्हे’ नावाचा प्रकार चालतो. २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटर अंतर ठरलेल्या वेळेत सायकलनं पूर्ण करायचं. २०० साठी साडेतेरा तास, ६०० साठी चाळीस तास. ही शर्यत नव्हे. पहिला-दुसरा नंबर नाही, वाटेतल्या ठाण्यांवर कार्डावर शिक्के घ्यायचे आणि वेळेत पोचायचं. चारही अंतरं एका हंगामात पूर्ण करणाऱ्याला ‘सुपर रँदोनर’ म्हणतात. या परंपरेचं शिखर म्हणजे फ्रान्समधली पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस : १,२०० किलोमीटर, कमाल नव्वद तास. ती १८९१ साली सुरू झाली आणि आता चार वर्षांतून एकदा होते. मागची २०२३ मध्ये झाली. भारतातही ब्रेव्हेंचा चांगला प्रसार झाला आहे.

मराठी माणसाला हे क्षेत्र परकं नाही. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये अमेरिका आडवी पार करणारी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ दोघांच्या गटात पूर्ण केली. पुण्याची वेदांगी कुलकर्णी इंग्लंडमधल्या बोर्नमथ विद्यापीठात शिकत होती. वीस वर्षांच्या या मुलीनं जुलै २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थहून सायकल काढली आणि १५९ दिवसांत चौदा देशांतून सुमारे २९,००० किलोमीटर चालवून डिसेंबरात कोलकाता गाठलं. स्पेनमध्ये तिला चाकूच्या धाकानं लुटलं, कॅनडात अस्वल मागं लागलं, रशियात बर्फात एकटीनं तंबू ठोकून रात्री काढल्या. आपलं पोर शिक्षणासाठी परदेशी गेलं म्हणजे फक्त परीक्षा आणि नोकरी, हे गणित या मुलीनं साफ बदलून टाकलं.

आमच्या विद्यार्थ्याचं ध्येय एवढं मोठं नव्हतं. त्याला फक्त २०० ची एक ब्रेव्हे करायची होती. दर आठवड्याला दहा-पंधरा किलोमीटर वाढवत त्यानं पाच महिने तयारी केली. घरून खाऊ जाणार होता. पण दुधाचे पदार्थ युरोपात सामानातून नेता येत नाहीत. त्यामुळे कुंदा राहिला घरीच. आईनं पाठवलेली शेंगा-होळगी मात्र पोचली. गूळ-शेंगदाण्याची ती पोळी टिकते, खिशात मावते आणि चढत्या भुकेला पुरते. पावसात, बारा तास चाळीस मिनिटांत त्यानं अंतर पूर्ण केलं.

ध्येयाचीही नोकरी होऊ नये

इथं दुसरी बाजूही सांगायला हवी. मधल्या काळात हा मुलगा किलोमीटरच्या आकड्यांत इतका गुंतला की मित्राच्या बारशाला गेला नाही, कारण त्या दिवशी आठवड्याचे दीडशे पूर्ण व्हायचे होते. मोबाइलवरचं अ‍ॅप रोज हिशेब मागत होतं, आणि ऑफिसातल्या टार्गेटसारखं हेही एक टार्गेट होऊन बसलं. ज्या एकटेपणातून सुटायला सायकल घेतली, तोच पुन्हा सायकलवर स्वार झाला होता. एका डच सहकाऱ्यानं त्याला विचारलं, “परवा वाटेत काय बघितलंस?” त्याला काही आठवेना. तेव्हापासून महिन्यातला एक रविवार त्यानं आकड्याविना फिरायला राखून ठेवला आहे. त्या दिवशी बरोबर चार-पाच जण असतात, त्यांत एक धारवाडचा आणि एक इंदूरचा. मराठी, कन्नड, हिंदी अशी तिन्ही भाषांत थट्टामस्करी चालते, मधे कुठंतरी थांबून कॉफी होते.

छंदाचं मोल आपल्या घरांत अजून नीट रुजलेलं नाही. आपण मुलांना अभ्यास शिकवला, नोकरी कशी धरावी ते शिकवलं. रिकामा वेळ कसा भरावा हे शिकवायला आपल्यालाच वेळ मिळाला नाही. नेदरलँड्समध्ये कायद्यानं पूर्णवेळ नोकराला वर्षाला किमान वीस दिवस पगारी रजा मिळते. सरासरी कामाचा आठवडाही तिथं युरोपात सर्वांत छोट्यांपैकी आहे, सुमारे ३२ तासांचा. इतका मोकळा वेळ हाती आला की ज्याच्याजवळ स्वतःचं असं काही नाही, त्याला तो खायला उठतो. मग ते काही सायकलच हवं असं नाही. कुणी तबला शिकेल, कुणी तिथली भाषा, कुणी बागेत चार वाफे करील.

तेव्हा पालकांना एवढंच सुचवावंसं वाटतं. पुढच्या फोनवर “जेवलास का?” जरूर विचारा, तो प्रश्न सुटला तर आपण कसले आईबाप? पण त्याच्या पाठोपाठ “या रविवारी कुठं गेला होतास? कोण होतं बरोबर?” हेही विचारा. “कुठंच नाही” असं उत्तर चार-पाच आठवडे सलग आलं, तर पगाराचा आकडा कितीही मोठा असो, जरा सावध व्हा, आणि उपदेश न करता जास्त वेळ बोलत राहा. आणि उत्साहानं काही सांगायला लागलं, तर ते तुम्हाला कितीही निरर्थक वाटो, मधे न तोडता ऐकून घ्या. दूर देशी गेलेल्या मुलाला घरातून एवढी साथ मिळाली, तरी समोरचा वारा त्याला थोडा हलका वाटेल.