पहाऱ्याचा यांत्रिक डोळा

आमच्या चाळीच्या जिन्याखालून गेल्या वर्षीं एक सायकल चोरीस गेली. चाळीच्या दारावर कॅमेरा होता, चित्रणही जतन झालेलें होतें. तेव्हां चोर आतां हातीं लागलाच, अशा समजुतीनें आम्ही आठदहा शेजारी पडद्यापुढें जमलों. एक आकृति आली आणि सायकल घेऊन निघून गेली. तिला तोंड होतें, पण तें तोंड म्हणजे करड्या ठिपक्यांचा नुसता पुंजका! इतक्यांत कोणी तरी म्हणालें, "हा सदरा तर दुसऱ्या मजल्यावरच्या मुलाचा." चित्रणावर वेळ होती साडेदहाची, आणि त्या वेळीं तो मुलगा घरींच होता हें सर्वांस ठाऊक. झालें! दोन दिवस साऱ्या चाळीनें त्याच्याकडे वाकड्या नजरेनें पाहिलें. तिसऱ्या दिवशीं कळून आलें कीं, यंत्राचें घड्याळच पाऊण तास मागें होतें. चोरी झाली सव्वाअकराला. आणि त्या वेळीं तो मुलगा वर्गांत होता, हें शाळेच्या हजेरीपटावरून सिद्ध झालें.

चित्रण मुळींच नसतें तर चोर सांपडला नसता, इतकेंच. अर्धवट चित्रणानें मात्र एका निरपराध मुलास चोर ठरविलें. २०२४ सालच्या ऑगस्ट महिन्यांत महाराष्ट्र शासनानें शाळांत कॅमेरे बसविणें सक्तीचें केलें. तेव्हां हा डोळा कसा योजावा, याचीं मूलतत्त्वें विद्यार्थ्यांस व पालकांस ठाऊक असणें इष्ट आहे.

या यंत्राचा जन्म युद्धांतला. जर्मनीमध्यें पेनेम्युंडे येथें १९४२ सालीं अग्निबाणांचें उड्डाण दुरून, सुरक्षित जागीं बसून पाहतां यावें, म्हणून वाल्टर ब्रूख या अभियंत्यानें तशी योजना सिद्ध केली. तीच कल्पना घराच्या दारापर्यंत आणली ती न्यूयॉर्कमधील मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन या परिचारिकेनें. रात्रीं घरीं एकटें राहण्याचा प्रसंग येई, पोलिसांस येण्यास विलंब लागे; म्हणून पतीच्या साह्यानें तिनें दारास निरनिराळ्या उंचीवर भोकें व त्यांमागें वरखालीं सरकणारा कॅमेरा अशी रचना योजिली. १९६९ सालीं तिला त्याचें पेटंट मिळालें. या बाईंची बुद्धि पहा! दारांत उभा असलेला मनुष्य उंच असो वा ठेंगणा, त्याचें तोंड दिसलें पाहिजे, हें तिनें आधीं ठरविलें, आणि मग यंत्र जुळविलें. आपण बहुधा उलट करतों.

आतां थोडें गणित. कॅमेऱ्याच्या प्रकाशग्राही पट्टीची रुंदी व वस्तूचें अंतर यांचा गुणाकार करून त्यास भिंगाच्या नाभीय अंतरानें भागिलें, म्हणजे किती रुंद दृश्य दिसेल तें निघतें. आमची पट्टी ४.८ मिलिमीटरची, भिंग २.८ मिलिमीटरचें, आणि जिना २० मीटर दूर. म्हणजे दृश्य सुमारें ३४ मीटर रुंद. चित्राच्या एका आडव्या ओळींत १९२० ठिपके असतात. ते ३४ मीटरांत वांटले असतां मीटरास ५६ येतात, आणि सोळा सेंटिमीटर रुंदीच्या चेहऱ्याच्या वांट्यास अवघे नऊ! आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणें ओळखीचा मनुष्य ओळखण्यास मीटरास १२५, व अनोळखी मनुष्याची निश्चित ओळख पटविण्यास २५० ठिपके लागतात. आमच्या कॅमेऱ्यास अंगण सगळें दिसत होतें, पण मनुष्य एकही दिसत नव्हता.

यावर उपाय महाग नाहीं. सायकल अंगणांत कोठेंही असो, चोरास बाहेर पडावें लागतें तें दारांतूनच. दारापासून ५ मीटरांवर, आंतून दाराकडे तोंड करून, ४ मिलिमीटरच्या भिंगाचा कॅमेरा बसविला, तर दृश्य ६ मीटर रुंद होतें व मीटरास ३२० ठिपके मिळतात. मात्र तो फार उंच नसावा. छताला टांगलेल्या कॅमेऱ्यास टोप्या व टकलें तेवढीं दिसतात.

पण येथें प्रकाश आडवा येतो. दिवसा दारामागें रस्त्यावर लख्ख ऊन असतें, त्यामुळें येणाऱ्याचें तोंड काळवंडतें. ऊन व सावली दोन्ही सांभाळून घेणारा कॅमेरा घ्यावा, किंवा आंतल्या बाजूस दिवा लावावा. रात्रीं कॅमेरा अवरक्त किरणांच्या साह्यानें पाहतो. या किरणांनीं भिंगापुढील कोळ्याचें जाळें पांढरें शुभ्र चमकतें व मागचें सारें झांकून टाकतें. झाडू हें देखील या शास्त्रांतील एक उपकरण आहे.

साठवणीचा हिशोबही आधींच करावा. सेकंदास ४ मेगाबिट या वेगानें एक कॅमेरा दिवसास ४३.२ गिगाबाइट जागा खातो. आठ कॅमेऱ्यांचें तीस दिवसांचें चित्रण ठेवावयाचें तर दहा टेराबाइटांहून अधिक जागा लागेल. ती अपुरी पडली कीं, यंत्र जुनें पुसून त्यावर नवें लिहितें, आणि तक्रार येईपर्यंत पुरावा नाहींसा होतो. सर्वोच्च न्यायालयानें २०२० सालीं पोलिस ठाण्यांतील चित्रण निदान एक वर्ष टिकलें पाहिजे असें फर्माविलें, तें उगीच नव्हे. घड्याळ जुळविणें, वीज गेली असतां यंत्र चालू राहील अशी बॅटरी ठेवणें, आणि कारखान्यांतून आलेला सांकेतिक शब्द प्रथमच बदलणें, हीं कामें मिनिटांचीं आहेत. २०१६ सालीं असे शब्द न बदललेले असंख्य कॅमेरे 'मिराई' नांवाच्या घातक प्रणालीनें परस्पर आपल्या ताब्यांत घेतले होते.

आणखी एक प्रश्न शिल्लक राहतो: या डोळ्यानें काय पाहूं नये? शेजाऱ्याची खिडकी, स्नानगृह, कपडे बदलण्याची खोली येथें तो असतां कामा नये. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निर्णय २०१७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें दिला आहे. चित्रण कोण पाहील, कोणत्या कारणासाठीं पाहील, हें कॅमेरा बसविण्यापूर्वीं लेखी ठरवावें. नाहीं तर आमच्यासारखी आठदहा माणसें पडद्यापुढें जमतात आणि सदऱ्यावरून चोर ठरवितात.

चाळीचा कॅमेरा आम्हीं आतां दारासमोर हलविला आहे. प्रथम एका शेजाऱ्यास दारांत उभें करून, त्याच्या हातांतील वर्तमानपत्राचा मथळा पडद्यावर वाचतां येतो कीं नाहीं, तें पाहिलें. मगच खिळे ठोकले. घड्याळाकडे पाहण्याचें काम त्या दुसऱ्या मजल्यावरच्या मुलानें आपण होऊन मागून घेतलें. सायकल मात्र अद्याप सांपडलेली नाहीं.