निवासी संकुलांतील जुन्या वृक्षांची शास्त्रीय निगा : एक विवेचन

प्रस्तावना

पुण्यातील डेक्कन जिमखाना व प्रभात रस्त्याचा परिसर, मुंबईतील दादरची हिंदू कॉलनी व पारशी कॉलनी, नागपूरमधील सिव्हिल लाइन्स या वस्त्यांचे रूप तेथील इमारतींइतकेच तेथील वृक्षांनी घडविले आहे. बंगल्यांच्या आवारात किंवा सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या मोकळ्या जागेत दोन-तीन पिढ्यांपूर्वी लावलेले आंबा, चिंच, कडुनिंब, वर्षावृक्ष, गुलमोहर व सोनमोहर आज पूर्ण वाढीस पोहोचले आहेत, काही उतारवयाकडे झुकले आहेत. हे वृक्ष कोणी लावले याची आठवण बहुधा उरलेली नसते. मात्र पावसाळा जवळ आला की ते कोणाच्या जबाबदारीचे, हा प्रश्न प्रत्येक संस्थेच्या सभेत उपस्थित होतो.

गृहनिर्माण संस्थेत उद्वाहनाचा वार्षिक देखभाल करार असतो, पाण्याच्या टाक्या ठरावीक मुदतीने धुतल्या जातात. आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतींचे संरचनात्मक परीक्षण दर पाच वर्षांनी आणि ३० वर्षांवरील इमारतींचे दर तीन वर्षांनी करून घ्यावे लागते. त्याच आवारात काही टन वजनाचा वृक्ष मुलांच्या खेळण्याच्या जागेवर आणि वाहनतळावर फांद्या पसरून उभा असतो. त्याची तपासणी मात्र कोणत्याही वेळापत्रकात नसते. मे महिन्यात एखादा कंत्राटदार बोलाविला जातो, दोन माणसे कोयता व करवत घेऊन चढतात आणि सायंकाळपर्यंत वृक्षाचा खांब झालेला असतो. या कामाला छाटणी म्हटले जाते. वृक्षाच्या दृष्टीने तिचे स्वरूप काय असते आणि शास्त्रीय निगा म्हणजे नेमके काय, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

वृक्ष जखम कशी झेलतो

वृक्षाच्या निगेचा सर्व विचार एका जैविक वस्तुस्थितीवर उभा आहे. प्राण्याच्या शरीरात जखम झालेल्या जागी नव्या पेशी तयार होऊन ऊती पूर्ववत होते. वृक्षात असे घडत नाही. एकदा तयार झालेले काष्ठ जागच्या जागी दुरुस्त होत नाही. वृक्ष केवळ त्या जखमी भागाला उर्वरित खोडापासून वेगळे पाडतो आणि त्याभोवती नवे काष्ठ वाढवितो. अमेरिकेच्या वनसेवेतील शास्त्रज्ञ अॅलेक्स शायगो (१९३०–२००६) यांनी हजारो वृक्षांची खोडे उभी चिरून कुज कोणत्या मार्गाने पसरते याचा अभ्यास केला आणि १९७७ मध्ये या प्रक्रियेचे प्रारूप मांडले. त्यांच्या मते वृक्ष चार प्रकारच्या भिंती उभारतो. पहिली भिंत कुजीला खोडात वर-खाली जाण्यापासून अडविते, दुसरी गाभ्याकडे जाण्यापासून आणि तिसरी आडवी पसरण्यापासून. चौथी भिंत जखमेनंतर तयार झालेल्या नव्या काष्ठाच्या सीमेवर असते. यांतील पहिली सर्वांत दुबळी व चौथी सर्वांत बळकट होय. म्हणूनच फांदी तोडल्यानंतरची कुज खोडात उभी लांबवर उतरते आणि बाहेरून हिरवागार दिसणारा वृक्ष आतून पोकळ असू शकतो.

या भिंती उभारण्यास ऊर्जा लागते आणि ती पानांतून येते. तरुण वृक्षाजवळ काष्ठाच्या मानाने पाने भरपूर असतात. जुन्या वृक्षाला मात्र तेवढ्याच पानांवर फार मोठा देह पोसावा लागतो. त्यामुळे विशीतील वृक्षाने सहज सोसलेली जखम सत्तरीतील वृक्षाला घातक ठरू शकते. निगेचे नियम वयानुसार बदलतात ते यामुळे.

या संशोधनाने एक जुनी समजूतही मोडली. जॉन डेव्ही यांचे ‘द ट्री डॉक्टर’ हे पुस्तक १९०१ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाले आणि वृक्षोपचार हा व्यवसाय म्हणून आकारास आला. त्या काळात ढोलीतील कुजका भाग खरवडून तेथे सिमेंट भरणे हा मानाचा उपचार होता. खरवडताना वृक्षाने उभारलेली भिंतच तुटते, सिमेंटमागे ओल साठते आणि वाऱ्यात डोलणारे खोड त्या कडक गोळ्यावर घासत राहते. हे ध्यानी आल्यावर तो उपचार मागे पडला. आपल्याकडे मात्र ढोलीत विटा-सिमेंट भरून वरून गेरू फासलेला वृक्ष आजही दृष्टीस पडतो, आणि त्यामागे बहुधा आस्थाच असते.

छाटणी : जागा, प्रमाण आणि काळ

फांदी जेथे खोडाला मिळते तेथे एक किंचित फुगीर कडे असते. कुजीला अडविणारी वृक्षाची यंत्रणा याच ठिकाणी एकवटलेली असते. कडे शाबूत ठेवून त्याच्या बाहेर लगतच काप दिल्यास जखमेच्या सर्व बाजूंनी नवे काष्ठ वळ्यासारखे वाढून ती झाकली जाते. खोडाशी सपाट काप दिल्यास कडेच नाहीसे होते. उलट हातभर खुंट ठेवल्यास तो वाळतो आणि कवकांना आत शिरण्याची वाट मिळते. जड फांदीसाठी तीन काप द्यावे लागतात. पहिला खोडापासून साधारण ३० ते ४५ सेंटिमीटर अंतरावर खालच्या बाजूने, फांदीच्या जाडीच्या सुमारे एक तृतीयांशापर्यंत. दुसरा त्याच्या थोडा पुढे वरून, म्हणजे फांदी साल न सोलता गळून पडते. आणि तिसरा, उरलेला खुंट काढण्यासाठी, कड्याशी. शिकण्यास अर्धा दिवस पुरेल असे हे तंत्र आहे. तरीही आपल्या शहरांत छाटलेल्या वृक्षांच्या खोडांवर फांदीपासून खाली सोलत गेलेल्या सालींचे पट्टे जागोजागी आढळतात.

सर्वाधिक हानी शेंडा उडविण्याने होते. वृक्ष उंच झाला, आता तो पडेल, या भीतीपोटी तो मधोमध कापला जातो. पाने गेल्यामुळे अन्न थांबते, आजवर सावलीत असलेली साल उन्हाने भाजते आणि कापलेल्या टोकांपासून कुज खाली सरकते. काही महिन्यांत सुप्त डोळे फुटून पानसोटांचा झुबका येतो आणि वृक्ष पुन्हा बहरला असे वाटते. परंतु हे पानसोट खोडाच्या केवळ बाहेरच्या थराला चिकटलेले असतात. चार-पाच वर्षांत ते मनगटाएवढे, पुढे मांडीएवढे होतात. त्यांच्या बुडाशी तोवर कुज असते. म्हणजे धोका टळावा म्हणून केलेल्या कामातून अधिक मोठा धोका तयार होतो, फक्त तो पुढच्या कार्यकारिणीच्या वाट्याला येतो.

प्रमाणाविषयी अमेरिकेतील मानकाने पूर्वी घालून दिलेली मर्यादा अशी होती की, एका वर्षात सजीव पर्णसंभाराच्या २५ टक्क्यांहून अधिक भाग काढू नये. जुन्या वृक्षासाठी ही मर्यादाही सैलच म्हणावी लागेल. वाळलेल्या, मोडलेल्या व किडलेल्या फांद्या काढणे आणि लांबलेल्या जड फांद्यांचा टोकाकडील भार हलका करणे एवढेच काम अशा वृक्षाला सहसा पुरते. वाळलेली फांदी केव्हाही काढावी. सजीव फांद्यांची छाटणी मात्र नवी पालवी फुटण्याआधी करणे हितावह असते. आपल्याकडची बरीच छाटणी एप्रिल-मे महिन्यांत होते. तेव्हा अनेक वृक्षांनी आपला साठा नव्या पालवीवर नुकताच खर्च केलेला असतो. याच काळात पक्ष्यांची घरटीही असतात आणि वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार अंड्यांसह घरटी नष्ट करणे हा गुन्हा आहे.

कापलेल्या जागी बोर्डो मलम लावण्याची शिफारस फळबागांत सर्वत्र केली जाते. एक किलो मोरचूद, एक किलो चुना व दहा लिटर पाणी यांचे हे मिश्रण काही कवकांना काही काळ दूर ठेवते. मात्र चुकीच्या जागी दिलेला काप कोणत्याही मलमाने बरोबर होत नाही, आणि डांबर किंवा तैलरंग फासणे तर निव्वळ समाधानापुरते आहे. आंब्यावरील बांडगूळ मात्र वेळीच काढावे लागते. पक्ष्यांमार्फत पसरणारी ही अर्धपरोपजीवी वनस्पती चिकटलेल्या जागेच्या खालून फांदीसह कापली तरच जाते. केवळ तिची पाने ओरबाडल्यास ती पुन्हा फुटते.

नारळाचा विचार स्वतंत्रपणे करावयास हवा, कारण तो एकदलिकित आहे. त्याच्या खोडात ऊतककराचा थर नसल्याने खोडाला झालेली जखम कधीच झाकली जात नाही. चढण्यासाठी पाडलेल्या खाचा आयुष्यभर तशाच राहतात. जुलै २०१७ मध्ये मुंबईतील चेंबूर येथे नारळाचे झाड अंगावर कोसळून रस्त्याने जाणाऱ्या महिलेचा मृत्यू झाला. आवारातील झाडाचा संबंध केवळ आवारातील रहिवाशांशी नसतो, याची ही दुःखद आठवण होय.

न दिसणारा अर्धा भाग

मुळे खोल असतात हा समज सार्वत्रिक आहे. प्रत्यक्षात अन्न-पाणी शोषणारी बहुतांश मुळे मातीच्या वरच्या ४५ ते ६० सेंटिमीटर थरात असतात आणि पर्णसंभाराच्या सावलीपलीकडे पसरतात. त्या थरात हवा असते, म्हणून ती तेथे असतात. वाहनतळासाठी फरसबंदी केली, जमीन दाबली, भर टाकून पातळी वाढविली किंवा जलवाहिनीसाठी चर खणला की घाव याच मुळांवर बसतो. ब्रिटिश मानक ५८३७ प्रमाणे बांधकामाच्या वेळी वृक्षाभोवती खोडाच्या व्यासाच्या बारापट त्रिज्येचे वर्तुळ राखून ठेवावे. खोडाचा घेर ३१४ सेंटिमीटर असेल तर व्यास एक मीटर आणि राखावयाची त्रिज्या १२ मीटर होते. आपल्या संस्थांमध्ये दोन इमारतींमधील अंतर कित्येकदा तेवढेही नसते, हे मान्य करूनही वृक्षाच्या खोडाला टेकून फरशी बसविण्याचे समर्थन करता येणार नाही. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतील वृक्षांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश दिला. ते किमान अंतर आहे, पुरेसे नव्हे.

आपल्या परंपरेतील पारही येथे तपासून पाहण्याजोगा आहे. वड-पिंपळाभोवतीचा दगडी पार मातीने भरलेला असे, त्यातून पाणी झिरपे, आणि वडाला पारंब्यांचा आधार असे. आजचा पार सिमेंटचा, वर चकचकीत फरशीचा आणि आंबा, गुलमोहर अशा कोणत्याही वृक्षाला घातलेला असतो. खोडाचा बुंधा त्यात गाडला जातो, साल सतत ओली राहते आणि गॅनोडर्मासारख्या कवकांना आयते घर मिळते. बुंध्याशी उगवलेले या कवकाचे कठीण, तपकिरी, अर्धवर्तुळाकार छत्र दिसले, तर ते शोभेचे समजून सोडून न देता जाणकारास दाखविणे आवश्यक आहे.

मुळांच्या हानीचे वैशिष्ट्य असे की, तिचा परिणाम लगेच दिसत नाही. शेंड्याकडील डहाळ्या दोन-चार वर्षांनी, कधी त्याहून उशिरा वाळू लागतात. तोवर बांधकाम विसरले गेलेले असते आणि वृक्ष वयोमानाने गेला असा निष्कर्ष काढला जातो. तोडलेली आधारमुळे मात्र एवढा अवधी देत नाहीत. पहिल्या जोरदार पावसात माती सैल झाली की वृक्ष मुळासकट कलतो.

ढोली आणि धोक्याचा अंदाज

ढोली असलेला प्रत्येक वृक्ष धोकादायक नसतो. पोकळ नळी भरीव दांड्याच्या तुलनेत फार थोडी दुबळी असते, हे अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यास परिचित आहे. जर्मन शास्त्रज्ञ क्लाउस माथेक यांनी याच विचाराने असे सुचविले की, उरलेल्या निरोगी भिंतीची जाडी खोडाच्या त्रिज्येच्या सुमारे ३० टक्क्यांपेक्षा कमी झाल्यास मोडण्याची शक्यता वाढते. या अंकाविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत आणि ढोलीचे तोंड उघडे असल्यास तो जसाच्या तसा लागू करता येत नाही. तरीही ‘पोकळ म्हणून तोडा’ या सरसकट निर्णयापेक्षा मोजून घेतलेला निर्णय केव्हाही बरा. भिंतीची जाडी लाकडी हातोड्याने ठोकून आवाजावरून ताडता येते. शंका राहिल्यास बारीक सुईने काष्ठाचा रोध मोजणारी किंवा ध्वनिलहरींनी आतील चित्र काढणारी उपकरणे वापरली जातात.

बेचक्याचा कोन अरुंद असून मध्ये साल दबली आहे काय, खोडावर नवी उभी भेग आहे काय, कललेल्या वृक्षाच्या पाठीमागची माती उचलली गेली आहे काय, एवढे पाहण्यास उपकरण लागत नाही. आणि धोका केवळ वृक्षात नसतो. तो पडल्यास खाली कोण असेल यावरही अवलंबून असतो. वाहनतळ दहा मीटर हलविणे हा काही वेळा वृक्षावरचा सर्वांत स्वस्त उपचार ठरतो.

कायदा, कंत्राट आणि माणसे

महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ खाजगी आवारातील वृक्षांनाही लागू आहे, आणि जाळणे किंवा अन्य प्रकारे इजा करणे हेही त्यात तोडण्याच्या व्याख्येत येते. २०२१ च्या सुधारणेने ५० वर्षे व त्याहून अधिक वयाच्या वृक्षांना वारसा वृक्षाचा दर्जा दिला आणि तोडलेल्या वृक्षाचे जेवढे वय तेवढी नवी झाडे लावण्याची अट घातली. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातील आज्ञापत्रात रामचंद्रपंत अमात्यांनी रयतेच्या आंबा-फणसास हात न लावण्याविषयी जी ताकीद दिली आहे, तिच्या जवळपास जाणारा हा विचार आहे. अडचण अशी की, कायदा तोडण्यावर लक्ष ठेवतो, निगेवर नाही. परवानगी घेऊन वृक्षाचा खांब करणारा आणि कड्याशी नेटका काप देणारा, या दोघांत कागदोपत्री फरक दिसत नाही.

कंत्राटाची पद्धतही तपासण्याजोगी आहे. अनेक ठिकाणी कंत्राटदार कमी दर लावतो आणि कापलेले लाकूड घेऊन जातो. जाड फांदी कापण्यात त्याचा लाभ असतो, वाळक्या डहाळ्या काढण्यात नसतो. या एका अटीने छाटणीचा निकाल आधीच लागलेला असतो. मजुरी व लाकूड यांचा हिशेब वेगळा ठेवणे, कोणती फांदी कोठे कापावयाची याची खूण आधी करणे, शिरस्त्राण, दोर व सुरक्षापट्टा यांशिवाय कोणासही वर न चढविणे आणि वीजवाहिनी जवळ असल्यास पुरवठा बंद करून घेणे, एवढ्या अटी कोणतीही संस्था आपल्या करारात घालू शकते. वनस्पतिशास्त्र विभाग असलेल्या महाविद्यालयांचा येथे उपयोग होऊ शकतो. अर्थात, महाविद्यालयांच्या स्वतःच्या आवारांतील छाटणी पाहता प्रारंभ घरापासून करणे इष्ट ठरेल.

साठ-सत्तरच्या दशकांतील गृहसंस्था आता पुनर्विकासाच्या उंबरठ्यावर आहेत. पानशेतच्या पुरानंतर, म्हणजे १९६१ नंतर वसलेल्या पुण्यातील वसाहतींत हे विशेषत्वाने जाणवते. नकाशा मंजूर झाल्यावर वृक्षांचा विचार करावयाचा आणि अडचणीचे वृक्ष पुनर्रोपणाच्या यादीत टाकावयाचे, ही सध्याची रीत आहे. वड-पिंपळवर्गीय वृक्ष पुनर्रोपण बऱ्यापैकी सोसतात. जुना आंबा किंवा चिंच क्वचितच. त्यामुळे वास्तुविशारदास पहिला आराखडा काढण्यास सांगण्यापूर्वी प्रत्येक वृक्षाची जात, घेर, पर्णसंभाराचा विस्तार व प्रकृती यांची नोंद त्याच्या हाती देणे आणि जुनी इमारत पाडण्यास प्रारंभ होण्याआधी राखावयाच्या वृक्षांभोवती पक्के कुंपण घालणे आवश्यक असते. पहिला मालमोटार-फेरा मुळांवरून गेल्यानंतर घातलेल्या कुंपणाचा उपयोग फारसा होत नाही, कारण दबलेली माती पुन्हा मोकळी होण्यास वर्षे लागतात.