रेडिओबाहेरची पेटी

१ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओच्या एकाही केंद्रावर पेटी, म्हणजे हार्मोनियम, वाजायची नाही असा हुकूम निघाला आणि तो तीस वर्षं टिकला. रेडिओचा तेव्हाचा कंट्रोलर लायनेल फील्डन, नेहरूंची पेटीबद्दलची नावड, त्याच वर्षीच्या जानेवारीत टागोरांनी पेटीविरुद्ध कलकत्ता केंद्राला लिहिलेलं पत्र, हे सगळं वाचकांना ठाऊक असेल. माझ्या डोक्यात हा विषय शिरला तो मात्र वेगळ्या वाटेने. ब्लूज, लोकगीतं आणि देशोदेशीचं गाणं एकापाठोपाठ एक लावणारे रेडिओ-कार्यक्रम ऐकायचा मला जुना नाद आहे. मिसिसिपीकाठचा माउथ ऑर्गन संपतो आणि लुइझियानाचा अकॉर्डियन सुरू होतो, मग ब्यूनोस आयरिसचा बांदोनिऑन, मग नुसरत फतेह अली खाँच्या कव्वालीतली पेटी. या सगळ्यांच्या पोटात एकच वस्तू आहे: एका टोकाला घट्ट बसवलेली, दुसऱ्या टोकाला मोकळी अशी धातूची पातळ पट्टी. हवा तिच्यावरून गेली की ती थरथरते आणि सूर निघतो. कर्जतजवळच्या कशेळ्याच्या भजनात जी पेटी वाजते तिच्यातही हीच पट्टी आहे.

पेटी दुरुस्त करणारे या पट्टीलाच ‘सूर’ म्हणतात. जर्मन सूर महाग आणि गोड, पालिताण्याचे सूर आपले नेहमीचे. खर्ज, नर आणि मादी अशा त्यांच्या ओळी लावलेल्या असतात. एखादा सूर उतरला असेल तर मोकळ्या टोकाकडे कानस फिरवायची, म्हणजे तो चढतो. चढला असेल तर मुळाकडे घासायचं, म्हणजे तो उतरतो. कानसेचा एक हात जास्त पडला तर पुन्हा दुसऱ्या टोकाला जायचं. पावसाळ्यात पितळेवर हिरवट थर धरतो, फटीत कचरा अडकतो आणि ऐन भजनात एखादी पट्टी मुकी होते. जाणता पेटीवाला झाकण उघडून तिच्याखालून कागदाचा कपटा अलगद सरकवतो आणि पुढचा अभंग गाठतो.

या पट्टीचं मूळ चीनच्या शेंग वाद्यात. पॅरिसच्या दबँने १८४२ मध्ये हार्मोनियमचं पेटंट घेतलं. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी पायाचा भाता काढून हाताचा केला, वाद्य मांडीजवळ आणलं. पुढे नाटक कंपन्यांनी ते महाराष्ट्रभर नेलं आणि कीर्तनाने गावोगाव. गोविंदराव टेंब्यांसारखा वादक निघाला, ‘मानापमान’ची पदं बांधणारा, भास्करबुवा बखल्यांच्या साथीला बसणारा. इतकं झाल्यावर हे वाद्य परकं कसं?

तरी ते परकं ठरवलं गेलं आणि त्यासाठी सर्वांत जोरदार लेखणी चालवली ती एका इंग्रजाने. जॉन फोल्ड्झ हा माणूस आपल्याकडे फारसा कुणाला माहीत नाही. मँचेस्टरचा संगीतकार. पहिल्या महायुद्धातल्या मृतांसाठी त्याने ‘अ वर्ल्ड रिक्वायम’ रचलं आणि ते १९२३ मध्ये लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्ये झालं. त्याची बायको मॉड मॅकार्थी भारतीय संगीत शिकलेली. १९३५ मध्ये दोघं भारतात आले आणि दोन वर्षांनी फोल्ड्झ दिल्ली केंद्रात पाश्चात्त्य संगीताचा प्रमुख झाला. तिथे त्याने सतार, सारंगीच्या वादकांना स्वरलिपी वाचायला शिकवून भारतीय-युरोपीय वाद्यवृंद उभा केला. म्हणजे आज ज्याला जागतिक संगीत म्हणतात त्याचा प्रयोग आपल्या सरकारी रेडिओवर करणाऱ्या पहिल्या माणसांपैकी हा एक. रेडिओच्या ‘द इंडियन लिसनर’ या पाक्षिकात १९३८ मध्ये त्याने पेटीवर कडाडून हल्ला केला. मुद्दे सरळ होते: पेटीचे बारा सूर पियानोच्या समान मापाने लावलेले, भारतीय संगीतातल्या सूक्ष्म श्रुती त्यांत बसत नाहीत आणि एका सुरावरून दुसऱ्यावर सलग सरकणारी मींड तर तिच्यावर निघतच नाही. एप्रिल १९३९ मध्ये कलकत्त्यात कॉलऱ्याने तो गेला. हुकूम निघाला तेव्हा त्याला जाऊन वर्ष होत आलं होतं.

पेटीवरचा हा आक्षेप मात्र फोल्ड्झच्या आधीपासूनचा. कलेचे अभ्यासक आनंद कुमारस्वामींनी तो घेतला होता आणि आपल्याकडे सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी त्यावर उपाय शोधायला घेतला होता. देवल डेप्युटी कलेक्टर. निवृत्तीनंतर त्यांनी श्रुतींच्या मापनाला वाहून घेतलं, अब्दुल करीम खाँना गायला लावून सुरांची कंपनं मोजली आणि १९१० मध्ये बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक काढलं. आय.सी.एस. अधिकारी ई. क्लेमंट्स त्यांना येऊन मिळाला आणि एका इंग्रज कारागिराकडून श्रुती-हार्मोनियम तयार झाली. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत ती मांडली गेली. भातखंड्यांना हा खटाटोप पटला नाही आणि गवयांनीही ती उचलली नाही. मला देवलांबद्दल अतोनात आदर वाटतो. वाद्यात दोष आहे हे त्यांनी मान्य केलं आणि वाद्य सुधारायला घेतलं. फील्डनच्या खात्याने वाद्यालाच दार लावलं.

आणि आता मिसिसिपी नदीचा काठ. हुकमानंतर दीड-पावणेदोन वर्षांनी, नोव्हेंबर १९४१ मध्ये, अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यातल्या हेलेना गावी ‘केएफएफए’ या छोट्या केंद्राने दुपारचा एक कार्यक्रम सुरू केला, ‘किंग बिस्किट टाइम’. जाहिरात पिठाची, वाजवणारा सनी बॉय विल्यमसन, वाद्य माउथ ऑर्गन. वेळ सव्वाबाराची, कापसाच्या शेतातले काळे मजूर जेवायला बसायची. ऐकणाऱ्यांत बी. बी. किंग नावाचा तरुण शेतमजूरही होता.

माउथ ऑर्गनच्या एका भोकात दोन पट्ट्या असतात, एक फुंकरीची, एक श्वास आत ओढताना वाजणारी. कारखान्यातून तोही ठरावीक सुरांत लावूनच येतो, फोल्ड्झच्या आरोपातून पुरता सुटत नाही. ब्लूज वाजवणाऱ्यांनी दोन गोष्टी केल्या. वाद्य ज्या पट्टीचं त्याच्या पंचमाला षड्ज धरलं, आपल्याकडच्या मूर्च्छनेसारखं. त्यामुळे महत्त्वाचे सूर ओढत्या श्वासावर आले. मग श्वास ओढताना जीभ आणि घसा असा वळवला की दोन्ही पट्ट्या एकमेकींत गुंततात आणि सूर खाली झुकतो. शुद्ध आणि कोमल गंधाराच्या मधली ती जागा, जिच्यावर ब्लूजचं सारं दुःख उभं आहे, ती याच ठोकळेबाज पट्टीतून निघाली. १९५२ मध्ये लिटल वॉल्टरचं ‘ज्यूक’ हे निव्वळ माउथ ऑर्गनवादन अमेरिकेच्या ऱ्हिदम अँड ब्लूज यादीत पहिलं आलं.

पेटीवर हे जमत नाही, हे कबूल करायलाच हवं. भाता दाबून सूर झुकत नाही. पण टेंब्यांच्या पिढीने कणस्वरांची अशी गुंफण केली की मधली मींड ऐकणाऱ्याच्या कानात पुरी व्हावी. वाद्याची मर्यादा ओलांडायचं काम वादक करतात. त्यांना मायक्रोफोनसमोर बसू दिलं तरच ते कळतं.

१९५२ हेच वर्ष आपल्याकडे वेगळ्या कारणाने गाजलं. पुण्यात जन्मलेले, शास्त्रोक्त गायन शिकलेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणी मंत्री झाले आणि त्यांनी सिनेसंगीताला कात्री लावली. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले, डिसेंबरात ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि १९५७ मध्ये सरकारला विविध भारती काढावी लागली. ही कहाणी सर्वांना पाठ आहे. मला त्यातली एवढीच गोष्ट महत्त्वाची वाटते की सिनेमाच्या बाजूने सिलोन होतं, पेटीच्या बाजूने कुणी नव्हतं. केसकरांच्या दहा वर्षांत तिच्यावरची बंदी उठली नाही. १९७० मध्ये या प्रश्नावर दिल्लीत परिसंवाद झाला, त्यानंतर वरच्या श्रेणीच्या कलाकारांना साथीसाठी पेटी मिळाली. एकलवादनाला आणखी कित्येक वर्षं थांबावं लागलं.

या बंदीने उस्तादांचं फार बिघडलं नाही, त्यांच्यामागे सारंगी होती. बिघडलं ते कशेळ्यासारख्या गावांचं. कर्जतहून मुरबाडला जाताना लागणारं हे बाजाराचं गाव. इथूनच खांडसमार्गे भीमाशंकरची वाट, भोवताली ठाकर-कातकऱ्यांच्या वाड्या. अशा गावांत सप्ताह असो, काकड आरती असो, पखवाज, टाळ आणि पेटी एवढाच संच. बुवा काळी दोनमध्ये लावतो की पांढरी चारमध्ये, यावर रात्रीचा रंग ठरतो. एक अख्खी पिढी रेडिओवर भजन ऐकत वाढली आणि त्यात तिला आपलं वाद्य कधी सापडलं नाही. हेलेनाच्या मजुराला दुपारच्या भाकरीबरोबर स्वतःचा सूर ऐकू आला. माझ्या मते ब्लूज जगभर पोचण्यामागे त्या सव्वाबाराच्या वेळेचा मोठा वाटा आहे.

फोल्ड्झचे कान खोटे नव्हते, पण त्याच्या लेखानंतर निघालेला हुकूम चुकीचा होता. त्या तीस वर्षांतलं गावोगावचं पेटीवादन रेडिओच्या ध्वनिसंग्रहात क्वचितच सापडेल. जे काही उरलं असेल ते घरांमध्ये असेल: जुन्या स्पूल टेपवर, आणि बंदीनंतरच्या कॅसेटवर, बंदीच्या काळात शिकून तयार झालेल्या म्हाताऱ्या बुवांच्या आवाजात. कर्जत-खालापूरच्या कुणाकडे अशी टेप असेल तर ती फेकू नका. बुरशी धरण्याआधी तिची डिजिटल प्रत करून घ्या आणि डबीवर बुवाचं, पेटीवाल्याचं आणि गावाचं नाव लिहा.